रानात राबणाऱ्या चाकूचं पोलाद कसं निवडायचं

"डी२ घेऊ की १४सी२८एन?" असं या दोन पोलादांबद्दल कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो: आत्ता हातात जो चाकू आहे, तो बिघडतो कसा? धार वळते, धारेचे टवके उडतात, की गंज चढतो? बहुतेकांना याचं उत्तर पटकन देता येत नाही आणि निवड तिथेच फसते. पोलादांची नावं तोंडपाठ असतात, पण आपला हात चाकूला काय करतो ते कधी पाहिलेलं नसतं.

काहींचा चाकू खरोखर राबतो. वाळका बांबू तासतो, कारवीच्या काठ्या तोडतो, भिजलेलं लाकूड फोडून आतलं कोरडं काढतो आणि संध्याकाळी त्यानेच कांदाही चिरला जातो. हे अशा लोकांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. सह्याद्रीत आणि कोकणात चाकूला आधी चिवटपणा लागतो, म्हणजे धक्का सोसून न तुटण्याचा गुण, त्याखालोखाल गंजाला तोंड देण्याची ताकद, आणि धार किती दिवस टिकते हे सगळ्यात शेवटी. जाहिराती नेमक्या याच्या उलट क्रमाने बोलतात.

पायरी १: जुना चाकू उजेडात धरा

दहापट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात तसलं भिंग घ्या. नसेल तर नुसता टॉर्चही चालेल. धार वर करून बरोबर डोळ्यासमोर धरा आणि उजेड वरून पाडा. चांगली धार उजेड परत फेकत नाही, तिथे नुसती काळी रेघ दिसते. जिथे चकाकतं तिथे काहीतरी बिघडलंय.

आता चकाकणाऱ्या जागी अंगठ्याचं नख पाठीकडून धारेकडे हलकेच ओढा, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. एकाच बाजूने नख अडकत असेल तर धार वळली आहे. म्हणजे पोलाद मऊ राहिलंय किंवा धार कामाच्या मानाने फार बारीक आहे. भिंगाखाली अर्धचंद्रासारखे छोटे खड्डे दिसले तर ते टवके. पोलाद ठिसूळ आहे, जास्त कडक ठेवलंय किंवा तुम्ही लाकडात रुतलेलं पातं पिळून बाहेर काढता. या तिसऱ्या सवयीवर कुठल्याही पोलादात औषध नाही. आणि काही न कापता चाकू बोथट झाला असेल, धारेजवळ तपकिरी ठिपके असतील, तर धार गंजाने खाल्ली आहे. पावसाळ्यात ओल्या म्यानात राहिलेल्या चाकूचं हे ठरलेलं दुखणं.

वळणारी धार असेल तर थोडं कडक पोलाद शोधा. टवके उडत असतील तर चिवट शोधा. गंज असेल तर स्टेनलेस. पुढचं सगळं या तीन वाक्यांचा विस्तार आहे.

पायरी २: काम दोन हत्यारांत वाटा

एकच चाकू सगळ्याला पुरावा ही हौस महागात पडते. तोडायच्या हत्याराला वजन आणि लांबी लागते, प्रत्येक घावाला धक्का सोसावा लागतो. तासायच्या-चिरायच्या चाकूला बारीक धार लागते. दोन्ही एकाच पात्यात बसवायला गेलं की सहा-सात मिलिमीटर जाडीचं असं धूड तयार होतं, ज्याने ना झाड तुटतं ना टोमॅटो चिरला जातो.

कोकणातला बागायतदार कमरेच्या आकडीला कोयती अडकवून निघतो आणि सुपारीपासून नारळापर्यंत सगळं उरकतो. ती कोयती कुठल्या पोलादाची, हे त्याने कधी विचारलेलं नसतं. तिचा बाक आणि पुढचं वजन अर्धं काम करतं. म्हणून माझा सल्ला: तोडायला चांगल्या लोहाराची कोयती, आणि बाकीच्या कामाला दहा-अकरा सेंटीमीटर पात्याचा, तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचा सरळ चाकू. घडीच्या चाकूला काठीने ठोकून लाकूड फोडायचं नाही. तिथे पोलादाआधी बिजागरी आणि कुलूप हार मानतात.

पायरी ३: पोलादाच्या पोटात काय चालतं ते समजून घ्या

पोलाद म्हणजे लोखंड आणि कार्बन. चाकूला कामाचा पट्टा साधारण अर्ध्या टक्क्यापासून दीड टक्क्यापर्यंतचा, काही पावडर पोलादांत (ती काय ते पाचव्या पायरीत) त्याहूनही जास्त. कार्बन वाढला की कठीणपणा वाढतो, पण एका मर्यादेनंतर जादा कार्बन क्रोमियम, व्हॅनेडियम अशा धातूंशी जोड्या जमवतो. या जोड्यांना कार्बाइड म्हणतात. ते पोलादापेक्षा खूप कठीण असतात, त्यामुळे धार झिजत नाही. पण कार्बाइडचे दाणे मोठे झाले की तडा नेमका तिथूनच सुरू होतो. धार टिकाऊ करायला जावं तर चिवटपणा जातो, अशी ही ओढाताण आहे.

डी२ हे याचं उत्तम उदाहरण. कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ टक्के. मूळचं डाय आणि पंच, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवायचं पोलाद. त्यात क्रोमियम कार्बाइडचे दाणे इतके मोठे वाढतात की ते दहा-दहा मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजावे लागतात, आणि तासलेल्या बारीक धारेची टोकाशी जाडी तर एखाद्या मायक्रॉनची! दाणा निघाला की धारेचा तुकडाच गेला. शिवाय १२ टक्के क्रोमियम असूनही ते गंजतं, कारण बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडलेलं असतं. गंज अडवतं ते मोकळं उरलेलं क्रोमियम. विक्रेते "सेमी-स्टेनलेस" म्हणतात, त्याचा आंबोलीच्या पावसात होणारा अर्थ एवढाच की गंज थोडा उशिरा येतो आणि आला की खड्डे पाडतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. पातं किती वाकेल, हे पोलादाच्या नावावर जवळजवळ ठरत नाही. सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो, आणि पाणी दिल्यानेही, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक केल्यानेही, तो बदलत नाही. ताठपणा ठरवते जाडी, तीही घनाच्या पटीत: तीन मिलिमीटरचं पातं चार केलं की ते सव्वादोन पटींहून जास्त ताठ होतं. पोलाद आणि पाणी ठरवतात ते पुढचं, म्हणजे वाकलेलं पातं सरळ होईल, तसंच राहील की तुटेल. तेव्हा "माझा चाकू वाकतो, जास्त कडक पोलाद हवं" या तक्रारीचा इलाज पुष्कळदा जाडीत असतो.

कठीणपणा रॉकवेल सी मापाने मोजतात, आकडा मोठा तितकं पोलाद कठीण. स्विस आर्मी चाकू ५५-५६ च्या आसपास असतो. लवकर बोथट होतो, पण दोन मिनिटांत पुन्हा लागतो. तोडायच्या हत्याराला ५४ ते ५८, राबणाऱ्या छोट्या चाकूला ५८ ते ६१ हा माझ्या मते समजूतदार पट्टा. ६३-६४ चा आकडा अभिमानाने छापलेला दिसला तर तो चाकू स्वयंपाकघरात शोभेल.

पायरी ४: नावं वाचा

अमेरिकी पद्धतीत साध्या पोलादाचे शेवटचे आकडे कार्बन सांगतात. १०९५ म्हणजे ०.९५ टक्के, ५१६० म्हणजे ०.६०, ५२१०० म्हणजे साधारण एक टक्का. चिनी पद्धतीत पहिला आकडा कार्बनचा, दुसरा क्रोमियमचा. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे ०.८ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम. स्वस्तातलं पण कामाचं. ३सीआर१३ म्हणजे ०.३ टक्के कार्बन. हे पोलाद नीट कडक होतच नाही, खेळण्यातले चाकू याचे असतात.

आपल्याकडच्या लोखंड बाजारात नावं वेगळी. वर्कशॉपमध्ये ज्याला ओएचएनएस म्हणतात ते म्हणजे ओ१, एचसीएचसीआर म्हणजे डी२ च्या घराण्यातलं, ईएन ३१ म्हणजे बेअरिंगचं ५२१००. ट्रकचे पाटे ईएन ४५, ईएन ४७, एसयूपी ९ अशा स्प्रिंगच्या पोलादांचे. ईएन ८ कुणी चाकूला सुचवलं तर हात जोडा, त्यात कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास असतो. शाफ्टला उत्तम, धारेला नाही.

"सर्जिकल स्टील", "जपानी स्टील", पुढे ए-बी-सी काहीच नसलेलं नुसतं "४४०", आणि ऑनलाइन मिळणारं नक्षीदार स्वस्त "डमास्कस" ही नावं माहिती लपवण्यासाठी असतात. पोलादाचा ग्रेड आणि रॉकवेल आकडा, दोन्ही जो सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

पायरी ५: आता पोलाद निवडा

तोडायचं हत्यार असेल तर निवड सोपी आहे. गाडीचा पाटा, म्हणजे ५१६० किंवा ईएन ४७ च्या जातीचं पोलाद. कार्बन अर्धा ते ०.६ टक्के, वर थोडं क्रोमियम किंवा व्हॅनेडियम. मोठे कार्बाइड जवळजवळ नाहीतच, त्यामुळे चिवटपणात हे पोलाद दहापट महाग पोलादांनाही ऐकत नाही. धार लवकर जाते हे खरं, पण घरच्या दगडावर चार हात मारले की परत येते. तुमच्या गावच्या लोहाराचा हातखंडा असलेलं पोलाद हेच आहे, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. मात्र रस्त्यावर लाखो हिसके खाल्लेल्या जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा घेऊ नका, आणि जमलं तर नव्या पाट्याचं कापून उरलेलं टोक मिळवा.

१०९५ ला अमेरिकेत मोठं नाव आहे, कारण तिथल्या कित्येक कंपन्यांनी त्यावर संसार केला. स्वस्त आहे, धार पटकन लागते. पण त्याच्या चिवटपणाचा जो बोलबाला आहे तेवढा त्याच्यात नाही. ते चाकू टिकतात ते जाड पात्यामुळे आणि ५५ ते ५७ असा मऊसर ठेवल्यामुळे. वर पावसाळ्यात रोज पुसायचं. कच्ची कैरी चिरल्यावर विळीचं पातं जसं काळं पडतं तसं हेही पडतं. ते काळेपण नुकसान करत नाही, उलट लाल गंजाला थोडं थोपवतं. पण ज्याला पुसायचा कंटाळा आहे त्याने १०९५ घेऊ नये.

डी२ बद्दल वर बोललोच. दोर, पुठ्ठा, प्लॅस्टिकचे पट्टे दिवसभर कापणाऱ्याला, कोरड्या गोदामात, डी२ छान. रानात, लाकडावर, धक्क्यात नाही.

छोट्या चाकूसाठी माझी पहिली पसंती १४सी२८एन. स्वीडनमधल्या सांडविकचं पोलाद. तो विभाग २०२२ मध्ये वेगळा होऊन आता आलेइमा नावाने चालतो. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४, आणि ०.११ टक्के नायट्रोजन. हे घराणंच मुळात दाढीच्या ब्लेडचं. ब्लेडला अतिशय बारीक धार लागते आणि ती तुटून चालत नाही, म्हणून कार्बाइड बारीक आणि मोजकेच ठेवलेले. बारीक कार्बाइडचा परिणाम असा की हे स्टेनलेस १०९५ पेक्षाही चिवट निघतं. "स्टेनलेस म्हणजे ठिसूळ" ही समजूत ४४०सी सारख्या भरड कार्बाइडच्या पोलादांवरून आली आणि तशीच चिकटून राहिली. एईबी-एल आणि १२सी२७ ही याच गोत्रातली. त्यातलं १२सी२७ ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या स्टेनलेस चाकूंत असतं. मोरा या स्वीडिश कंपनीचा गारबर्ग नावाचा चाकू १४सी२८एन मध्ये मिळतो. धार मध्यम टिकते, साध्या दगडावर लागते, पावसात रुसत नाही. दहापैकी आठ जणांनी इथेच थांबावं.

ज्यांना पैसे घालायचेच आहेत त्यांच्यासाठी पावडर पोलादं. वितळलेलं पोलाद वायूच्या झोताने उडवून त्याचे बारीक थेंब गोठवतात आणि ती पावडर उष्णता आणि दाबाखाली पुन्हा एकजीव करतात. थेंब क्षणात गोठतो, कार्बाइडला वाढायला वेळच मिळत नाही. सीपीएम ३व्ही या पद्धतीचं: कार्बन ०.८ टक्के, क्रोमियम साडेसात, व्हॅनेडियम पावणेतीनच्या आसपास. चिवटपणा आणि धारेचा टिकाऊपणा एकत्र हवा असेल, मोठं पातं हवं असेल, तर याच्या तोडीचं फार थोडं आहे. फक्त ते स्टेनलेस नाही, हे विकणारा सांगत नाही.

मॅग्नाकट हे पावडर पोलाद २०२१ मध्ये आलं. लॅरिन थॉमस या धातुतज्ज्ञाने त्याची घडण अशी बेतली की क्रोमियमचे कार्बाइड उरूच नयेत, फक्त व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक दाणे असावेत. त्यामुळे क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के असूनही ते सगळं मोकळं राहतं आणि गंज अडवतं. १२ टक्के क्रोमियमचं डी२ गंजतं आणि १०.७ चं मॅग्नाकट गंजत नाही, हे कळलं की निव्वळ आकड्यांवरून पोलाद जोखायची सवय सुटते. छोट्या-मध्यम चाकूला ते अप्रतिम. दीड फुटी पात्याने झाड तोडायला मात्र मी ३व्ही किंवा पाटाच घेईन. आणखी एक खर्च धरून ठेवा: व्हॅनेडियम कार्बाइड साध्या पांढऱ्या दगडाच्या दाण्यापेक्षा कठीण असतो, म्हणून हिऱ्याची प्लेट लागते. एस३०व्ही, एस३५व्हीएन यांनाही तेच लागू. शिवाय ती दोन्ही धक्क्याच्या कामाला मला पुरेशी चिवट वाटत नाहीत.

होडीवर, मिठागरात, खाडीत राबणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे एच१ किंवा एलसी२००एन बघा. यांत कार्बनची बरीच जागा नायट्रोजनने घेतली आहे, खाऱ्या पाण्यात ती जवळजवळ गंजतच नाहीत. धार सामान्यच.

पायरी ६: पाणी कसं दिलंय ते विचारा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि सगळ्यात कमी विचारली जाणारीही. उत्तम पोलादाला वाईट पाणी दिलं तर ते भंगार. साध्या पोलादाला नीट पाणी दिलं तर ते आयुष्य काढतं. अमेरिकेत बक कंपनी ४२०एचसी सारखं साधं पोलाद वर्षानुवर्षं विकते आणि लोक ते आवडीने वापरतात, ते निव्वळ चांगल्या हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे नीट दिलेल्या पाण्याच्या, जोरावर.

लोहाराकडून कोयती करून घेताना तीन गोष्टी बोला. पहिली, पाट्याचा तुकडा नुसता घासून आकार दिला तर चालणार नाही. स्प्रिंग म्हणून त्याचा कठीणपणा पन्नाशीच्या खालीच ठेवलेला असतो, धारेला तो कमी पडतो. तापवून पुन्हा पाणी द्यावंच लागतं. दुसरी, ताव किती. पोलादाला चुंबक चिकटायचं थांबतं ते साधारण ७७० अंशांना; त्याच्या थोडं पुढे, ८१५ ते ८४५ पर्यंत, पाट्याचा ताव. त्याहून जास्त तापवलं तर आतला कण मोठा होतो. याची परीक्षा सोपी आहे: त्याच पाट्याचा एक तुकडा पाणी देऊन व्हाइसमध्ये तोडायला सांगा. तुटलेली कड मऊ राखाडी दिसली तर ताव बरोबर, साखरेसारखी चमचमली तर जळलंय. तिसरी, पाणी की तेल. पाट्याच्या पोलादाला तेल मानवतं. सबंध पातं थंड पाण्यात बुडवलं तर चिरतं.

जुने लोहार मात्र पाणीच वापरतात आणि कोयती चिरत नाही, हेही खरं. त्याचं कारण त्यांच्या हातात आहे. ते फक्त धारेकडचा पट्टा क्षणभर पाण्यात धरतात आणि बाहेर काढतात. पाठीत राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते. घासून चकचकीत केलेल्या पट्ट्यावर रंग धावताना दिसतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. तपकिरी रंग धारेला पोचला की पातं पुन्हा बुडवायचं. धार कडक, पाठ चिवट, आणि सगळं एकाच तावात. भट्टीसमोर अंधार का ठेवतात हे तिथे उभं राहिल्यावर कळतं: तावाचा रंग उन्हात दिसत नाही.

भट्टीऐवजी ओव्हन असेल तर तेलात थंड केल्यावर २०० ते २५० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. छोट्या चाकूला खालचा आकडा, तोडायच्या हत्याराला वरचा.

स्टेनलेस पट्टी घेऊन लोहाराकडे जाऊ नका. १४सी२८एन ला हजार अंशांहून बराच जास्त ताव, तोही मिनिटांच्या हिशोबात, आणि शक्यतो नंतर शून्याखाली खूप गार करणं लागतं. हे काम व्हॅक्यूम भट्टीचं, म्हणजे आतली हवा काढून घेतलेल्या भट्टीचं. भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक पट्ट्यांत डाय-मोल्डचं काम असतं, म्हणून हीट ट्रीटमेंटवालेही असतात. आपल्या दोन पट्ट्या त्यांच्या मोठ्या बॅचमध्ये टाकायला ते कधीकधी तयार होतात, पण बॅच आपल्याच ग्रेडच्या तावाची आहे का ते विचारा. डी२ च्या बॅचमध्ये घुसवलेलं १४सी२८एन कुठल्याच कामाचं राहत नाही. रॉकवेलचं मशीन तिथेच असतं. आकडा लिहून घ्या.

पायरी ७: धारेचा कोन आणि पात्याचा आकार

पोलाद बदलून जेवढा फरक पडतो, तेवढाच, कधी जास्तही, कोन बदलून पडतो. छोट्या चाकूला प्रत्येक बाजूने १७-१८ अंश, तोडायच्या हत्याराला २० ते २३. मोरासारख्या सपाट उताराच्या चाकूची धार फार बारीक येते आणि वाळक्या बांबूच्या पेऱ्यावर वळते. तिला टोकाशी चार-पाच हलके हात जास्त कोनात मारले की तक्रार संपते, नवा चाकू घ्यावा लागत नाही.

पातं मुठीत शिरतं तिथला कोपरा काटकोनी असेल तर चाकू तिथेच तुटतो, पोलाद कुठलंही असो. गोलाई हवी. मुठीत बारीक सळई वेल्ड केलेला चाकू तर घेऊच नका.

पायरी ८: घरी आल्यावर तपासा

आधी कानस. चांगली नवी कानस धारेजवळ हलकेच फिरवा. कोयतीवर ती जरा घसरावी, जरा चावावी. लोण्यासारखी शिरली तर पाणी बसलेलंच नाही. काचेवरून जावी तशी निसटली तर हत्यार फार कडक राहिलंय, दगडावर आपटलं तर टवका जाईल.

मग पितळी सळई. सहा मिलिमीटर जाडीची सळई टेबलावर पक्की करा, त्यावर धार अगदी आडवी, धारेच्या कोनापेक्षा किंचित जास्त कोनात टेकवा आणि दाबा. दिव्याच्या उजेडात धार किंचित वाकलेली दिसते. दाब काढल्यावर सरळ झाली तर उत्तम. वाकलेलीच राहिली तर मऊ. तुटली तर ठिसूळ. शेवटी वाळक्या बांबूची दोन-तीन पेरी तासा, आणि पहिल्या पायरीसारखं भिंगाखाली बघा.

एक सावधगिरी: कारखान्याची पहिली धार घासताना तापलेली असू शकते. वरचा अर्धा मिलिमीटर मऊ किंवा ठिसूळ निघतो. दोन-तीनदा दगडावर धार लावून झाल्यावरच पोलादाबद्दल मत बनवा. सायकलचं चाक फिरवून धार लावणाऱ्याकडे साध्या पोलादाचा चांगला चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात आणि बारीक धार निळी पडते. निळी पडली की तेवढ्या भागाचा टेम्पर, म्हणजे पाणी देऊन आणलेला कडकपणा, गेला.

पायरी ९: पावसाळ्याची सोय

चामड्याचं म्यान दिसायला देखणं, पण ओल धरतं. जून ते सप्टेंबर चाकू त्यात ठेवू नका. साध्या प्लॅस्टिकचं किंवा कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचं, खाली भोक असलेलं म्यान बरं. साध्या पोलादाला पुसून पातळ तेल. शिलाई मशीनचं तेल चालतं. त्याच चाकूने खायचं कापत असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. शेंगदाण्याचं तेल काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरतं. लाल ठिपका दिसला तर त्याच दिवशी तेल आणि बारीक पॉलिश पेपरने काढा. खड्डा पडल्यावर इलाज उरत नाही.

पायरी १०: नेण्याआधी कायदा

शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं एका प्रवर्गात येतात, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. पण कोयता शेतीचा आहे हे शेतात पटतं, शहरातल्या नाकाबंदीवर पटेलच असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतील तर हत्यार बाळगणंच गुन्हा ठरतो. म्हणून प्रवासात ते सॅकच्या तळाशी, म्यानात, गुंडाळून.

ट्रेकर्सना याहून जवळचा नियम अभयारण्याचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायला मनाई आहे. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, राधानगरी ही सगळी ठिकाणं त्यात येतात. तिथे झाड तोडायचा आणि चूल पेटवायचा प्रश्नच नाही. जेवणापुरता छोटा चाकू न्यायचा असेल तरी प्रवेशाच्या नाक्यावर आधी विचारा, आणि ठेवून जा म्हणाले तर ठेवून जा.